घरबसल्या मोत्याच्या माळा: सिडकोतल्या एका वहिनींचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही गोष्ट २०२३ ची, नाशिकच्या सिडकोतली. आमच्याच बिल्डिंगमधल्या आहेत, त्यांना विचारूनच लिहितेय, पण नाव घालत नाही, मी त्यांना वहिनी म्हणते तेच इथेही ठेवते. वय तेव्हा ३८, मिस्टर अंबडला एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर, एक आठवडा दिवसपाळी एक आठवडा रात्रपाळी, मुलगा दहावीत, मुलगी सहावीत, सासूबाईंचे गुडघे गेलेले म्हणजे त्यांना एकटं सोडून बाहेर नोकरीला जायचा विषयच नाही. त्यात दहावीच्या क्लासची फी. जे करायचं ते घरात बसूनच करायचं, हे ठरलेलंच होतं.

हात मात्र त्यांचा भारी. संक्रांतीला हलव्याचे दागिने असे करतात की बघत राहावं, नथीतला एकेक दाणा निवडून लावलेला. पण ते सगळं फुकट. भाचीला कर, शेजारच्या नातवाच्या बोरन्हाणाला कर, पैसे घ्यायला लाजायचं, कोणी वाणात स्टीलचा डबा दिला तरी खूश. हे आधीच सांगून ठेवते कारण पुढे याचा संबंध आहे.

मी कोण तर मी आमच्या बचत गटाचे हिशोब लिहिते, एवढंच. या प्रकरणात माझीही एक चूक आहे, ती पुढे येईलच.

नेमकं झालं काय

जूनच्या शेवटी पेपरातून एक पत्रक आलं. "महिलांसाठी सुवर्णसंधी, घरबसल्या मोत्यांचे दागिने बनवा, महिना १५,००० कमवा, माल आम्ही देऊ, तयार माल आम्हीच घेऊ." वहिनी दुसऱ्याच दिवशी मिस्टरांना घेऊन गेल्या. नाशिकच्याच द्वारका चौकाच्या पुढे एका कॉम्प्लेक्समध्ये पहिल्या मजल्यावर गाळा, आत काचेचं टेबल, भिंतीवर माळा टांगलेल्या, बाहेर आठ-दहा बायका नंबर लावून बसलेल्या. गर्दी बघून माणसाला बरं वाटतं हो, एवढ्या जणी काय वेड्या आहेत का असं वाटतं.

योजना अशी. ३,५०० रुपये डिपॉझिट, "रिफंडेबल". त्यावर किट मिळणार, त्यात ४ मिमीचे मोती, गेअर वायरचं म्हणजे माळ ओवायच्या बारीक तारेचं रीळ, गेअर लॉक, जंप रिंग, हुक आणि एक पक्कड. एका माळेत १०८ मोती, लांबी १७ इंच, मजुरी माळेमागे १२ रुपये. आधी ४० माळांचा ट्रायल, तो पास झाला की ३०० माळांचा लॉट १५ दिवसांत. अकरा महिन्यांचा करार. वहिनींनी फॉर्म आणला, मला दाखवायला आल्या, "ताई, जरा वाचून बघा ना." गटाचं ऑडिट चालू होतं, मी पासबुकं पसरून बसले होते, वरवर नजर टाकली, म्हणलं ठीक वाटतंय. ती माझी चूक.

पैसे यूपीआयने दिले. आणि ते कंपनीच्या नावावर नाही, कुठल्या तरी माणसाच्या पर्सनल नंबरवर गेले. हेही तेव्हा कोणाला खटकलं नाही.

काम कसं असतं ते सांगते कारण ज्यांनी केलं नाही त्यांना ते टीव्ही बघता बघता होण्यासारखं वाटतं. मोती दिसतात सारखे पण भोकं सारखी नसतात, दहातल्या एकात प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तो सुईने फोडायचा. एकशे आठ ओवून झाले की टोकाला गेअर लॉक घालायचं, तो इवलासा धातूचा मणी, त्यातून वायर हुकाच्या रिंगेतून फिरवून परत आत घ्यायची आणि पकडीने दाबायचं. जास्त दाबलं की लॉक चिरतं, कमी दाबलं की वायर सुटते आणि मोती सगळ्या घरभर. पहिल्या पहिल्या माळेला अर्धा तास लागायचा, नंतर हात बसला तरी वीस मिनिटांच्या खाली काही येईना. संध्याकाळी अंगठ्याच्या पेराला पकडीची खूण उमटलेली असायची.

ट्रायलच्या ४० माळा पास. लगेच ४८० रुपये रोख. वहिनी पेढे घेऊन आल्या.

आणि त्याच दिवशी गाळ्यातल्या मॅडमनी सांगितलं, ओळखीची बाई आणली तर एकीमागे ३०० रुपये. वहिनींनी दोघींना नेलं, एक समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण आणि एक नणंद. दोघींनी ३,५०० भरले. वहिनींना ६०० मिळाले.

मग आला ३०० चा लॉट. म्हणजे ३२,४०० मोती. मुलगी शाळेतून आली की शंभर शंभरचे ढीग मोजून द्यायची, सासूबाई हुक लावायच्या, रात्री दीड-दीडपर्यंत बसून पंधराव्या दिवशी पुरा केला. जुलैच्या शेवटी मी स्वतः सोबत गेले होते. तपासणारी पोरगी माळ उचलायची, पट्टीला लावायची आणि दोनपैकी एका क्रेटमध्ये टाकायची, एका माळेला दहा सेकंदसुद्धा नाही. तीनशेपैकी पास ८६, रिजेक्ट २१४. कारण काय तर लॉक आणि पहिल्या मोत्यामध्ये गॅप आहे, फिनिशिंग नाही. मी विचारलं गॅप किती चालतो, तर म्हणाली "मॅम ते आमच्या क्वालिटी टीमचं असतं."

आणि करारात कलम होतं, पास माल ९० टक्क्यांच्या खाली गेला तर त्या लॉटची मजुरी नाही. रिजेक्ट माल घरी नेऊन उसवून परत ओवून आणायचा, तोपर्यंत डिपॉझिटही नाही. नाहीतर ५,५०० चं "ॲडव्हान्स किट" घ्या, त्यात मशीनकट मोती असतात, रिजेक्शन येतच नाही म्हणे.

अडचण कुठे होती

घरी आल्यावर मी तो करार नीट वाचला, जो महिनाभर आधी वाचायला हवा होता. पास-नापास ठरवायचा अधिकार सगळा त्यांचा आणि निकष एकही लिहिलेला नाही. गॅप किती, लांबीत फरक किती चालेल, काहीच नाही. म्हणजे शंभरातल्या एकोणनव्वद माळा पास करून पण मजुरी शून्य देता येईल असा तो कागद.

मग मी कागद पेन्सिल घेऊन बसले. महिना १५,००० म्हणजे १२ रुपयांनी १,२५० माळा. वीस मिनिटांनी एक धरली तर ४१६ तास. तीस दिवसांनी भागा, रोजचे जवळजवळ १४ तास येतात, एकही सुट्टी न घेता, स्वयंपाक कोण करणार ते वेगळंच. हा हिशोब करायला पाच मिनिटं लागली. पत्रक हातात होतं तेव्हा कोणीच केला नाही, मी बचत गटाची हिशोबनीस असून नाही केला.

पण खरी गोष्ट कळली ती नाशिकच्या मेन रोडच्या बाजारात. रिजेक्ट झालेल्या दहा माळा पर्समध्ये टाकून आम्ही दोघी त्रिमूर्ती चौकातून शेअर रिक्षाने शालिमारला उतरलो आणि इमिटेशनच्या दुकानांत गेलो. एक म्हातारे दुकानदार होते, त्यांनी माळ ओढून बघितली, लॉक बघितलं, म्हणाले, "काम चांगलंय बाई, हात साफ आहे. पण मोती हलका, घाम लागला की चार दिवसांत कोटिंग जाईल. आणि ही तयार माळ मला मुंबईच्या भुलेश्वर बाजारातून २० रुपयाला पडते, तुमच्याकडून कशाला घेऊ?"

रिक्षात बसेपर्यंत डोक्यात बसलं. बाजारात तयार माळ २० ला मिळते आणि हे लोक नुसती मजुरीच १२ देणार, वर मोती, वायर, हुक, गाळ्याचं भाडं, त्या पोरीचा पगार. मग माळ विकून यांना सुटणार काय? काहीच नाही. म्हणजे ते माळा विकतच नव्हते. ते किट विकत होते, आणि गिऱ्हाईक आम्हीच. भिंतीवर टांगलेल्या माळा कोणाच्या असतील ते आता कळलं.

समोर काय पर्याय होते

५,५०० चं किट घ्यायचं हा पर्याय ऐकायला वेडेपणाचा वाटतो पण त्या आठवड्यात वहिनी खरंच त्याच्या जवळ होत्या. तीन हजार अडकलेत ना, ते सोडवायला अजून पाच घालायचे, आणि दोन बायकांना आपणच नेलंय तर आता मागे कसं फिरायचं. वाचवलं कोणी तर सासूबाईंनी. त्या वर्षी अधिक श्रावण होता, १८ जुलैपासून. त्या म्हणाल्या "धोंड्याच्या महिन्यात नवीन काही घ्यायचं नाही, निज श्रावण लागू दे मग बघू." माझ्या हिशोबाने जे झालं नाही ते पंचांगाने केलं, काय बोलणार. तोपर्यंत डोकी थंड झाली.

सोडून द्यायचं, अब्रू झाकायची, हा दुसरा. मिस्टरांचं हेच म्हणणं होतं. पण सोडून द्यायला फक्त स्वतःचे पैसे असते तर जमलं असतं, इथे शेजारीण रोज जिन्यात भेटणार.

तक्रार करायची तर कुठे हा तिसरा, आणि यात आमचा बराच वेळ गेला. १९३० ला फोन लावला, पण तो ऑनलाइन फसवणुकीचा नंबर, पैसे गेल्या गेल्या लगेच कळवलं तर समोरचं खातं गोठवता यायचा चान्स असतो, आमचा महिना उलटून गेलेला. तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, पण पैशाची आशा नव्हती. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला पण बोललो. गटातल्या एकीचा भाऊ वकील आहे त्याने सांगितलं की ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, दोन वर्षांची मुदत असते. मी विचारलं, वहिनींनी किट कमावायला घेतलं, मग त्या ग्राहक कशा? तर म्हणाला, २०१९ च्या कायद्यातच लिहिलंय, स्वतः राबून पोट भरायला, म्हणजे स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू "व्यापारी हेतू"मध्ये धरत नाहीत. हे बऱ्याच जणींना माहीत नसतं, आपण धंदा करायला घेतलं म्हणजे आपण ग्राहक नाही असं समजून गप्प बसतात.

चौथा, या २१४ माळांचं काहीतरी करायचं.

काय केलं

ऑगस्टच्या मधोमध पोलीस ठाण्यात अर्ज दिला. गुन्हा दाखल करून घ्या म्हणालो तर साहेब म्हणाले आधी अर्ज द्या, चौकशी करतो. तेव्हा फसवणुकीला भादंविचं म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं ४२० कलम होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ३१८ झालंय. अर्जाला पत्रकाचा फोटो, करार, यूपीआयचे स्क्रीनशॉट, मॅडमचे व्हॉट्सॲप मेसेज सगळं जोडलं आणि पोहोच घेतली. पोहोच घेतली हे महत्त्वाचं, तो शिक्का पुढे कामाला आला.

इकडे वहिनींनी गाळ्यावर जाणं बंद केल्यावर आठ दिवसांत एका "वकिलाचा" फोन, करार मोडला, ९,८०० दंड भरा नाहीतर कोर्ट केस, पाठोपाठ व्हॉट्सॲपवर पीडीएफ नोटीस. वहिनी रात्रभर झोपल्या नाहीत, मिस्टर म्हणाले भरून टाकू. मी ती पीडीएफ वकील भावाला पाठवली. तो हसला, म्हणाला केस नंबर नाही, वकिलाचा नोंदणी नंबर नाही, पत्ता नाही, आणि कोर्टाचं समन्स असं धमक्या देत येत नसतं, काही भरू नका, फक्त फोन आला की तारीख-वेळ लिहून ठेवा. तीन फोन आले, मग थांबले.

सप्टेंबरच्या सुरुवातीला आम्ही चौघी एकदम गाळ्यावर गेलो, तिघी त्या आणि मी. बाहेर नवीन बायका बसल्या होत्याच. अर्जाची शिक्का मारलेली कॉपी काचेच्या टेबलावर ठेवली आणि नणंदबाईंनी जरा वरच्या आवाजात सुरुवात केली, त्यांचा आवाज तसाही मोठाच. पाच मिनिटांत आम्हाला आतल्या खोलीत नेलं. म्हणाले ज्यांचा अर्ज आहे त्यांना १,५०० देतो, माल तुमच्याकडेच राहू द्या, इथे सही करा. कागदावर लिहिलेलं, हिशोब पूर्ण, कसलीही तक्रार नाही. दोघींचा अर्जच नव्हता, त्यांना काही नाही.

वहिनींनी सही केली. मी शेजारी उभी होते, मला वाटत होतं नको करू, पण समोर पाचशेच्या तीन नोटा दिसत होत्या आणि दारात गणपती. मी पण गप्प बसले.

बाहेर आल्यावर रिक्षा स्टँडवरच वहिनींनी ते १,५०० शेजारणीच्या हातात दिले, आणि कमिशनचे ३०० पण, नणंदेचे ३०० नणंदेला. शेजारणीला अजून १,७०० देईन म्हणाल्या. तिने मागितले नव्हते, पण नको पण म्हणाली नाही. ती आयोगात जाऊ शकली असती, तिने कसलीच सही केलेली नव्हती, पण तिच्या घरून "कोर्टाची पायरी नको".

मोत्यांचं आणि हलव्याचं

माळा आता आपल्याच झाल्या होत्या. घामाने कोटिंग जातं ना, मग ज्याला घाम येत नाही त्याच्या गळ्यात घालू, ही कल्पना वहिनींच्या मुलीची. १९ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. मोठ्या मूर्तीला एक माळ तशीच, छोट्या मूर्तीला दुपदरी, मधे एक लाल खड्याचं पदक लावलं, पवननगरच्या बाजारात एका मखरवाल्याच्या टेबलाच्या कोपऱ्यावर जागा मिळाली. २० रुपयाला एक. सत्तरएक गेल्या, १,४०० आले, पदकांचा खर्च किरकोळ. गौरींसाठी पण थोड्या गेल्या. बाकीच्या अजून डब्यात आहेत.

यातून एक झालं, पैसे मागायची लाज गेली. दिवाळीनंतर मी गटाच्या ग्रुपवर त्यांच्या जुन्या हलव्याच्या सेटचे फोटो टाकले, वहिनींना न विचारता, त्यावरून ओरडा खाल्ला. पण ऑर्डरी सुरू झाल्या. बोरन्हाणाचा सेट, म्हणजे मुकुट, बासरी, हार, बाजूबंद, मनगट्या, ३५० रुपये. नव्या सुनेचा पहिल्या संक्रांतीचा सेट, त्यात मंगळसूत्र, तन्मणी, नथ, बांगड्या, कंबरपट्टा आणि जावयाला हार-नारळ, ९०० रुपये. निम्मे पैसे आधी. हे निम्मे आधी गटाने जबरदस्ती करायला लावलं.

हलवा त्या तयार विकत घेतात, काटेरी आणि एकसारखा बघून. लहान सेटला साधारण १४० चं सामान आणि अडीच तास, मोठ्याला ३८० चं सामान. २०२४ ला संक्रांत १५ जानेवारीला होती आणि बोरन्हाणं रथसप्तमीपर्यंत चालतात, त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काम पुरलं. लहान २२ आणि मोठे ९ गेले. सामान जाऊन ९,३०० च्या आसपास राहिले. जानेवारीतली नाशिकची कोरडी थंडी हलव्याला चांगली, चिकट होत नाही. मुंग्यांना मात्र थंडीबिंडी काही नसते, एक मोठा सेट कपाटावर उघडा राहिला आणि सकाळी नथ काळी झालेली, सुनेकडची मंडळी अकराला येणार. तिघींनी बसून नथ आणि अर्धा कंबरपट्टा परत केला. तेव्हापासून सेट घट्ट झाकणाच्या डब्यातच.

हिशोब

किटचा: दिले ३,५००, रिक्षाचे चारेकशे, गाळ्यावरून हातात राहिले फक्त ट्रायलचे ४८०, गणपतीत माळा विकून आलेले १,४०० वेगळे. वर शेजारणीचे १,७००. तास १२०, मुलीचे आणि सासूबाईंचे धरलेच नाहीत. हलव्याच्या लहान सेटमध्ये तासाला ८४ रुपये पडले. फक्त ते वर्षातून दीड-दोन महिनेच चालतं, बाकीचे दहा महिने काय हा प्रश्न तसाच आहे, राखी आणि गौरीचे दागिने थोडंफार भरून काढतात, क्लासची फी काही यातून पूर्ण निघत नाही. डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर प्रदर्शनात स्टॉल घ्यायचा विचार झाला होता, भाडं ऐकून सोडून दिला.

परत तशी वेळ आली तर

आम्ही दोघींनी बसून याच्यावर बरंच बोललो. वहिनींचं म्हणणं, डिपॉझिट देणं ही चूक नव्हे, पहिल्या ४८० वर भुलून दोघींना नेणं ही चूक. स्वतःचे पैसे गेले तर माणूस विसरतो. निदान एक पूर्ण लॉट पास होऊन पैसे हातात येईपर्यंत कोणाला बोलायचं नव्हतं.

माझं म्हणणं वेगळं. मला वाटतं मेन रोडची चक्कर आधी मारायला हवी होती. भिंतीवरची एक माळ मागून घ्यायची, दोन दुकानांत दाखवायची, कितीला घ्याल विचारायचं. शेअर रिक्षाच्या भाड्यात समजलं असतं. आणि त्या मॅडमला एकच विचारायचं, हा माल पुढे कुठल्या दुकानात जातो. ज्यांच्याकडे खरं जॉबवर्क असतं ते कारागीर ओळखीवर माल देतात, बिघडला तर मजुरीतून कापतात, पण काम द्यायच्या आधी तुमच्याकडून पैसे घेत नाहीत. राख्यांचं काम आमच्याकडे वर्षानुवर्षं तसंच चालतं, आम्हाला हे माहीत असून सुचलं नाही.

सहीवर मात्र आमचं एकमत नाही. मला अजून वाटतं ते १,५०० न घेता तिघींनी मिळून ग्राहक आयोगात जायला हवं होतं, मुदत होती, फी नव्हती, कागद होते. वहिनी म्हणतात, दिवाळीत गाळ्याला कुलूप लागलं, मॅडमचा नंबर बंद, निकाल लागला असता तरी वसूल कोणाकडून केला असता? यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण शेजारणीचा आणि नणंदेचा अर्ज वहिनींच्या सोबतच द्यायला हवा होता, हे आम्हा दोघींना मान्य आहे. एकाच कागदावर तिघींच्या सह्या, एवढंच काम होतं.

नणंदेने पैसे मागितले नाहीत, पण प्रत्येक कार्यक्रमात "आमच्या वहिनीने मला बिझनेसवुमन केलं होतं" असं सांगते. शेजारणीचे १,७०० रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी दिले. तिने दारातच नोटा मोजल्या, दोनदा, मग आत गेली आणि वहिनींचा स्टीलचा डबा घेऊन आली, जो मेपासून तिच्याकडे राहिला होता, आणि म्हणाली पुढच्या वर्षी माझ्या भाचीचं बोरन्हाण आहे, मुकुटाला मोरपीस येईल का.